पालकाची सूचना

दादा उद्या सकाळी येणार होता, आणि तो यायच्या आत शाळेच्या फाइलमधला एक कागद तिला बाहेर काढायचा होता. आईला जाऊन नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांत तिला धड रडायलाही जमलं नव्हतं. डोळे मिटले की आईच्या ऐवजी तो कागदच समोर यायचा. वर दुकानाचं नाव छापलेलं, खाली तिची सही, आणि सहीवर जांभळा गोल शिक्का.

तिचं औषधांचं दुकान होतं. आईनं एकसष्टाव्या वर्षी दहावीला बसायचं काढलं, तेव्हा दुकानापासून तीन चौक पलीकडची ही शाळा तिनंच शोधली होती. सकाळी मुलांची आणि दुपारी दोन ते पाच मोठ्या बायकांची. बाकं तीच, फळा तोच, आणि फॉर्मही तोच. त्या फॉर्मवर पालकाचं नाव लिहायला एक रकाना होता. बाकीच्या बायकांनी तिथं रेघ मारली होती. आईनं लेकीचं नाव घातलं आणि घरी येऊन ऐटीत सांगितलं, "आजपासून तू माझी पालक. वर्गात खोड्या केल्या तर तुला बोलावून घेतील."

नियमही मुलांचेच होते. तासाला कुणाला बरं वाटेनासं झालं तर पालकानं यायचं, वहीत सही करायची आणि घेऊन जायचं. एकटीला फाटकाबाहेर सोडायचं नाही, मग ती सहा वर्षांची असो की साठ. असं दोन मंगळवारी झालं, दोन्ही वेळा गणिताच्या तासाला. दोन्ही वेळा ती गिऱ्हाइकं तशीच उभी ठेवून, शटर ओढून, घामाघूम होत शाळेत पोचली, तर आई फाटकाशी पिशवी घेऊन ठणठणीत उभी. "छातीत भरून आलं होतं गं. आता काही नाही." आणि कोपऱ्यावर आल्यावर, "आलोच आहोत तर आइस्क्रीम घेऊ या का?"

लेकीला वाटलं, आपण हे पुरतं ओळखून आहोत. लहानपणी तिचंही पोट बरोबर गणिताच्याच दिवशी दुखायचं, आणि तेव्हा आईनं एकदाही घरी ठेवून घेतलं नव्हतं. दुसऱ्या मंगळवारी दुकानात परत येऊन तिनं छापील कागद ओढला आणि लिहिलं: माझ्या आईला गणिताच्या तासाला छातीत जळजळ होते. ती पित्ताची आहे. गोळी दिलेली आहे. तास संपेपर्यंत तिला सोडू नये व मला फोन करू नये. दिवसभर शंभर कागदांवर शिक्के मारणारा हात. याही कागदावर त्यानं सवयीनं शिक्का मारला.

शाळेच्या कारकुनानं शिक्का पाहिला आणि कागद सुट्टीच्या अर्जांत न ठेवता दाखल्यांच्या फाइलला लावला. वर लाल शाईनं लिहिलं, 'वैद्यकीय सूचना'.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, पुन्हा मंगळवारी गणिताच्याच तासाला, आई वर्गात बाकावरच गेली. चार वाजायला दहा मिनिटं कमी होती.

दादा दूर राहायचा. आईच्या शाळेचं त्याला कौतुक होतं ते फोनवरचं. पण आई गेल्यावर त्याच्या अंगात न्याय संचारला होता. "शाळेला सोडायचं नाही. तास चालू असताना माणूस मरतो म्हणजे काय? जबाबदारी आहे त्यांची! पूर्ण फाइल मागवून ठेव, पान न् पान बघणार आहे मी." उंटावरून शेळ्या हाकणं त्याला आयुष्यभर जमलं होतं. या वेळी मात्र तो उंटावरून उतरून येत होता. ती फोनवर म्हणाली होती, "हो दादा."

शाळेत ती पोचली तेव्हा दुसरा तास चालू होता. व्हरांड्यात नळाशी एक जाडसर बाई डबा धुवत होती. गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती. दुकानातून उठून थेट वर्गाला येणाऱ्या शिंपीणबाई. आईच्या बाकावरच्या.

"तू तिची मुलगी ना?" शिंपीणबाईंनी हात पदराला पुसले. "नाकावरून ओळखलं. तिचंच नाक."

ती नळापाशी थांबली.

"कुणी सांगितलं की नाही तुला? म्हणजे नेमकं काय झालं ते?"

"थोडं."

"थोडं म्हणजे काय नाही. ऐक." शिंपीणबाईंचा आवाज खाली आला. "गणिताचा तास सुरू झाला नि पंधरा मिनिटांत तिला घाम सुटला. म्हणाली, बाई, मी घरी जाते. गणिताच्या बाई लगेच जवळ आल्या. आम्ही त्यांना छोट्या बाई म्हणतो, आमच्या मुलींपेक्षा लहान आहेत. त्यांनी शिपाईबाईला ऑफिसात पिटाळलं. ती परत येऊन सांगते, कागद आहे म्हणे फाइलला, सोडायचं नाही. छोट्या बाईंना पटेना. त्यांनी पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. मग त्या वही घेऊन वारा घालत बसल्या. शिकवलंच नाही पुढं."

"आई काय म्हणाली?"

"पहिल्यांदा जाते जाते करत होती. मग म्हणाली, जाऊ दे. माझी मुलगी रागावेल. बसते मी."

नळ नीट बंद झाला नव्हता. शिंपीणबाईंनी तो दाबून फिरवला.

"आता म्हणे छोट्या बाईंवरच घालताहेत सगळं. चोर सोडून संन्याशाला सुळी. तू आहेस म्हणून बरं, पोरी. तू खरं काय ते सांग त्यांना."

"हो," ती म्हणाली.

मुख्याध्यापकांची खोली लहान होती आणि कागदांनी आणखी लहान झाली होती. ते उठून उभे राहिले, खुर्ची पुढं केली, कारकुनाला पंखा वाढवायला सांगितला. माणूस मृदू होता. ज्यांना आवाज चढवायची गरज पडत नाही, असल्या मृदू माणसांपैकी.

"तुमच्या बंधूंचं पत्र आलंय," ते म्हणाले. "वकिलाला दाखवून लिहिलेलं दिसतंय. त्यांनी फाइल मागितली आहे. देणारच आहोत आम्ही. लपवण्यासारखं आमच्याकडे काही नाही."

फाइल टेबलावरच होती. तिच्या कडेनं जांभळ्या शिक्क्याचा अर्धा चंद्र बाहेर डोकावत होता, की तिला तसं वाटलं.

"त्यात माझं एक पत्र आहे," ती म्हणाली.

"आहे ना. फार स्पष्ट पत्र आहे. असं स्पष्ट लिहिणारे पालक कमी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या पत्रामुळं शाळेला काहीच धोका नाही, मॅडम. उलट ते आमचं चिलखत आहे. पण मी विचार करत होतो, बंधूंनी ते वाचावं का? आई तर गेली. घरात जी दोन माणसं उरली त्यांनी एकमेकांचं तोंड बघू नये, असं कशाला व्हायला हवं?"

कारकून कपाटाशी पाठमोरा उभा होता. त्याचे कान मात्र इकडे होते.

"तुम्हाला काय हवंय?" तिनं विचारलं.

"मला काय हवं असणार? पत्र गेलं तर आमचं चिलखत गेलं. मग तक्रारीला दुसरा माणूस लागतो. इमारतीला कुणी शिक्षा करत नाही." त्यांनी एक कोरा कागद तिच्याकडे सरकवला. "तास चालू असताना विद्यार्थिनी आजारी पडली, तर शिक्षिकेनं ताबडतोब कार्यालयाला कळवायचं, असा नियम आहे. गणिताच्या बाईंनी कळवलं नाही. एवढं तुम्ही नातेवाईक म्हणून लिहून दिलंत, तर बंधूंनाही समाधान, शाळेलाही."

"पण त्यांनी कळवलं होतं. दोनदा."

मुख्याध्यापकांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "तोंडी. तोंडी गोष्टीला वजन नसतं. लेखी गोष्टीला असतं." आणि त्यांनी हात फाइलवर ठेवला. नुसता ठेवला, मांजरावर ठेवावा तसा.

"सुंठीवाचून खोकला जाईल, मॅडम," कारकून कपाटाकडे बघतच पुटपुटला.

तिला वाटलं, आपण उठावं. शिंपीणबाईंना बोलवावं, दादाला आत्ताच फोन करावा, आणि सगळं एका दमात ओकून टाकावं. तिला हेही वाटलं की दादा फोनवर गप्प राहील, मग फक्त म्हणेल, "तू? तू लिहिलंस?" आणि पुढची तीस वर्षं प्रत्येक सणाला, प्रत्येक लग्नात, प्रत्येक आजारपणात तो तेवढंच म्हणत राहील, न बोलता. तिनं पेन घेतलं. अक्षर चांगलं आलं. गोळ्यांच्या पुड्यांवर लिहून लिहून तिचं अक्षर मुळातच सुबक होतं.

मुख्याध्यापकांनी फाइल उघडली, तिचं पत्र काढलं आणि दोन बोटांनी तिच्यापुढं धरलं. बाहेर शिंपीणबाई नव्हत्या. वर्गातून बेरजा म्हणणारे पंधरा-वीस आवाज येत होते. दुकानात परतल्यावर तिनं तो कागद बारीक फाडला आणि मुदत संपलेल्या औषधांच्या खोक्यात टाकला. मग तासभर खोकल्याची बाटली, पट्टी, थर्मामीटर असं जे कुणी मागेल ते देत राहिली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चौकशी झाली. टेबलाच्या एका बाजूला मुख्याध्यापक आणि संस्थेचे म्हातारे चिटणीस, दुसऱ्या बाजूला दादा आणि ती. छोट्या बाई मधल्या खुर्चीवर. त्यांच्या बाहीला खडू लागला होता. तिनं त्यांना जवळून पहिल्यांदाच पाहिलं. केस घट्ट बांधलेले, ओठ सोललेले. रात्र रडण्यात गेलेली.

"वय काय तुमचं?" दादानं सुरुवात केली.

"सव्वीस."

"सव्वीस! सव्वीस वर्षांच्या मुलीच्या हातात माझी आई दिली होती यांनी. तिला घाम सुटला होता ना? दिसत होता ना तुम्हाला? की फळ्याकडेच बघत होतात?"

"दिसत होता, सर. मी दोनदा ऑफिसला विचारायला पाठवलं. वैद्यकीय सूचना आहे, तास संपेपर्यंत सोडू नका, असं उत्तर आलं."

"कुठंय सूचना?" दादानं फाइल ओढली. थुंकी लावून त्यानं पान न् पान उलटलं. कबूल केलं होतं तसं. "आहे कुठं? दाखवा मला!"

छोट्या बाईंनी फाइल घेतली, पुढून मागं आणि मागून पुढं चाळली. "मी स्वतः पाहिली नव्हती," त्या म्हणाल्या. "मला शिपाईबाईंनी सांगितलं."

शिपाईबाईंना आत बोलावलं. त्यांनी आधी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "घंटेची वेळ होती. मला काय आठवत नाही, साहेब."

"म्हणजे नाव सूचनेचं आणि सबब तुमची," दादा हसला. ते हसू आईचं होतं, फक्त त्यातला गोडवा काढून घेतलेला. "वा, बाई. गणित बरं जमतंय तुम्हाला."

चिटणीसांनी घसा खाकरला आणि ते पहिल्यांदाच बोलले. "ताई, एकदा विचारून ठेवतो. तुम्ही असं काही शाळेला लिहून दिलं होतं का?"

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. छोट्या बाईही. त्यांच्या नजरेत राग नव्हता. गणित अडलेलं मूल वहीतून मान वर करून बघतं, तशा त्या बघत होत्या.

"मी औषधांच्या दुकानात बसते," ती म्हणाली. "छातीत दुखणाऱ्या माणसाला सोडू नका, असं मी लिहीन?"

दादानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आईचं सगळं हिनंच केलं हो," तो चिटणीसांना म्हणाला. "मी नुसता लांबून. हिनंच केलं सगळं."

अर्ध्या तासात निकाल झाला. छोट्या बाईंना त्याच दिवसापासून काढलं. दादाचं तेवढ्यानं भागलं नाही. इतर शाळांनाही कळवा, म्हणाला, उद्या दुसरीकडे जाऊन आणखी कुणाच्या आईला बसवून ठेवेल ही. चिटणीस म्हणाले, कळवू. मुख्याध्यापक म्हणाले, दुर्दैवी आहे, पण कळवावं लागेल. छोट्या बाईंनी जिथं सांगितलं तिथं सही केली आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

दादा गाडी बघायला पुढं गेला. ती पायऱ्या उतरत होती, तेव्हा मागून हाक आली.

"ताई, एक मिनिट."

छोट्या बाई एकट्याच होत्या. हातात पुस्तकांची पिशवी आणि पट्टी.

"झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "मी कुणाला काही सांगणार नाही. मला आता कुणी विचारणारही नाही. फक्त माझ्यापुरतं सांगा. चिठ्ठी होती ना? मी दहा दिवस झोपलेली नाही. एकदा वाटतं, शिपाईबाई तसंच म्हणाल्या होत्या. एकदा वाटतं, त्या दुसरंच काही बोलल्या आणि मीच चुकीचं ऐकलं. तुमच्या आई जाते म्हणत होत्या, आणि मी त्यांना म्हटलं, काकू, थोडंच राहिलंय. नुसतं हो म्हणा. मी निघून जाईन."

व्हरांडा रिकामा होता. वरच्या वर्गाची दारं बंद होती. फाटकापाशी दादा पाठमोरा उभा राहून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. इतक्या लांब काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. हो म्हटलं असतं तरी तिचं काहीही गेलं नसतं.

"नव्हती," ती म्हणाली.

छोट्या बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांनी हळूहळू मान हलवली, चुकलेली पायरी कुणी दाखवून दिल्यावर हलवावी तशी.

"बरं झालं विचारलं," त्या म्हणाल्या. "मी उगाच मनातल्या मनात तुमच्यावर संशय घेत होते. माफ करा मला."

"असू दे," ती म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली.