विल्बेरला पास देणारा बैल

मी एक जुना बैल आहे. माझे दात झिजले आहेत, एक शिंग जन्मापासून वाकडे आहे आणि थंडीत सकाळी उठून उभे राहायला मला बराच वेळ लागतो. तरी मित्रांनो, आमच्या पुकापाम्पा गावात मला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. बाहेरगावचा पाहुणा आला की लोक त्याला चर्च दाखवत नाहीत, आधी माझ्याकडे आणतात. "हाच तो, विल्बेरला पास देणारा बैल!" म्हणतात. मला ते आवडते. खोटे कशाला बोलू?

मी जन्मलो तो बक्षीस म्हणून. आमच्या डोंगरात जुलैच्या अखेरीस, म्हणजे आमच्याकडच्या ऐन कडाक्याच्या थंडीत, सान्तियागोचा सण येतो. हा आम्हा गुराढोरांचा संत. त्या दिवशी आमच्या कानांत रंगीत फिती ओवतात, गळ्यात पावाच्या कड्यांची माळ घालतात, आणि मग माणसे फुटबॉल खेळतात. सणाच्या यजमानाने जिंकणाऱ्या संघाला एक गोऱ्हा द्यायचा, असा रिवाज आहे. त्या वर्षी यजमान होते म्हातारे मेलितोन. त्यांनी आपल्या गोठ्यातले सगळे गोऱ्हे नीट न्याहाळले आणि ज्याच्याकडून काही आशा नव्हती तो, म्हणजे मी, मोठ्या मनाने गावाला देऊन टाकला. वाकडे शिंग लपावे म्हणून त्यावर फुले बांधली.

अंतिम सामना होता आमचे पुकापाम्पा आणि दरीपलीकडचे कोयापाता यांच्यात. मला गोलाच्या शेजारी, रेषेबाहेर खुंटीला बांधले होते. गोलाचे खांब म्हणजे निलगिरीची दोन लाकडे, जाळी नव्हतीच. सामना संपत आला तरी बरोबरी सुटेना. मी आपला गळ्यातला पाव खाण्यात दंग. मान वळवून शेवटचे कडे तोंडात घ्यायला गेलो आणि त्या झटापटीत खुंटी उपटून निघाली. दोन पावले मी मैदानात आलो असेन नसेन, तेवढ्यात पोटावर सणसणीत चेंडू बसला.

तो मारला होता विल्बेर सुल्काने. सतरा वर्षांचा काटकुळा पोरगा, पायात थोरल्या चुलतभावाचे बूट, ते सैल म्हणून आत लोकर कोंबलेली. त्याचा फटका बाहेर चालला होता. माझ्या पोटावर आदळून चेंडू सरळ त्याच्याकडे परत गेला आणि त्याने डाव्या पायाने तो गोलात ढकलला.

मग जी बोंबाबोंब झाली ती विचारू नका.

"बारा जण खेळवले यांनी!" कोयापाताचे लोक ओरडू लागले.

"आणि बाराव्याला चार पाय!"

पंच होते शाळेतले मास्तर. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली. "हे बघा," ते म्हणाले, "मैदानात दगड असतो, खड्डा असतो, तसा बैल. चेंडू दगडावर आपटला तर आपण काय दगडाला दोष देतो? बैल मैदानाचाच भाग आहे. गोल!"

अशा रीतीने पुकापाम्पा जिंकले आणि मी त्यांचा झालो. पण माझा आनंद टिकला नाही. कारण जिंकलेला गोऱ्हा त्याच संध्याकाळी खायचा, हाही रिवाजच आहे. खड्डा आधीच खणून झाला होता. त्यात दगड तापत होते. त्या दगडांवर मांस आणि बटाटे रचून वर माती ओढतात, त्या मेजवानीला आमच्याकडे पाचामांका म्हणतात. कर्णधार आनाक्लेतो बाह्या सरसावून पुढे आला. हा आमचा गोलरक्षक, धंद्याने भटारी, आणि पोट असे की अर्धा गोल त्यानेच झाकायचा.

तेवढ्यात विल्बेर माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"काका, ह्याला नाही कापायचं."

"का रे? सोयरा लागतो तुझा?"

"माझ्या गोलाचा पास ह्यानं दिला. पास देतो तो आपला खेळाडू. आपल्याच खेळाडूला खायचं का?"

"असं असेल तर एउसेबियोला खाऊ," मागून कोणीतरी म्हणाले. "त्यानं आजवर एक पास दिलेला नाही!"

सगळे हसले, एउसेबियो सोडून. आनाक्लेतो मात्र हसला नाही. त्याला भूक लागली होती. त्याने माझ्या बरगड्या चाचपल्या, विल्बेरकडे पाहिले आणि म्हणाला, "बरं लेका. पुढच्या सणाला तू दुसरा गोऱ्हा जिंकून दे, आम्ही तो खाऊ. त्याच्या पुढच्या सणाला आणखी एक. पण ज्या वर्षी हरू, त्या वर्षी हा खड्ड्यात. कबूल?"

"कबूल," विल्बेर म्हणाला.

तेव्हापासून माझा जीव त्या पोराच्या डाव्या पायाला टांगला गेला.

मला त्याच्या आईच्या अंगणात ठेवले. होर्तेन्सियाबाई मेंढ्या राखायच्या आणि सूत कातायच्या. मी सकाळी नांगर ओढायचो, आणि दुपारी विल्बेर मला शेताच्या कडेला उभा करून माझ्या पोटावर चेंडू मारत बसायचा. हळूच मारायचा, दुखेल असा कधी नाही. मी हललो की चेंडू भलतीकडे उडायचा आणि तो तिकडे धावायचा. बैलाच्या अंगावरून चेंडू कुठे जाईल हे खुद्द बैलालाही सांगता येत नाही. पण विल्बेरला ते कळू लागले. पुढच्या सणाला तो जिंकला, त्याच्या पुढच्यालाही जिंकला. मग खेळाडू हेरत गावोगाव फिरणारा एक माणूस आला आणि त्याला किनाऱ्यावरच्या एका क्लबात घेऊन गेला. आईने भाजलेला मका आणि चीज फडक्यात बांधून दिले. बस वळणाआड गेली तरी आनाक्लेतो हात हलवत होता. मी त्याच्या शेजारीच चरत होतो म्हणून मला माहीत.

किनाऱ्यावर दोन वर्षे काढून विल्बेर राजधानी लिमाच्या मोठ्या क्लबात गेला. चौकातल्या दुकानात रेडिओ होता. रविवारी सारे गाव तिथे जमायचे. तो फार वेगवान नव्हता, फार उंच नव्हता. पण खांबाला लागून, गोलरक्षकाच्या हाताला लागून, कुणाच्या पाठीवर आपटून चेंडू परत आला की तिथे तो हजर असायचा. रेडिओवरचा माणूस किंचाळायचा, "सुल्का! पुन्हा नेमका तिथेच सुल्का!" ह्याला हे आधीच कसे कळते, याचे शहरातल्या लोकांना नवल वाटायचे. मला वाटायचे नाही.

आणि दर जुलैला तो यायचा. क्लबाचे मॅनेजर संतापायचे. मोसम चालू असताना डोंगरातल्या दगडधोंड्यांत कशाला खेळायला जातोस, पाय मोडून घेशील, म्हणायचे. त्याला दंड करायचे, दोन-दोन सामने बाहेर बसवायचे. तरी तो रात्रभर बसमध्ये बसून यायचा, खेळायचा, गोऱ्हा जिंकून आनाक्लेतोच्या हवाली करायचा आणि माझ्या वाकड्या शिंगाला हात लावून निघायचा. वर्तमानपत्रवाले एकदा माझा फोटो काढून घेऊन गेले. ते वर्तमानपत्र गावात आले तेव्हा आनाक्लेतोने आठवडाभर त्यात एकही पाव गुंडाळला नाही.

मग ते वर्ष उजाडले. ज्या रविवारी आमचा अंतिम सामना, त्याच रविवारी लिमात क्लबाचा असा सामना होता की हरले तर वरच्या गटातून खाली. विल्बेर येऊ शकला नाही. फोनवर म्हणाला, "काका, ह्या वर्षी तुम्हीच सांभाळा. माझ्या बैलाला जपा."

आमचा सामना सुरू झाला. कोणीतरी रेडिओ मैदानाच्या कडेला आणून ठेवला होता. दोन्हीकडचे खेळाडू एक कान तिकडे ठेवूनच पळत होते. एकाएकी रेडिओवरचा माणूस किंचाळला, "सुल्का!" आणि आमचा कर्णधार, आमचा गोलरक्षक, आमचा आनाक्लेतो, गोल उघडा टाकून रेडिओकडे धावला. रेडिओ उचलून छातीशी धरला आणि नाचू लागला. त्याच वेळी कोयापाताच्या एका पोराने रिकाम्या गोलात शांतपणे चेंडू सोडला.

आम्ही त्या एका गोलाने हरलो.

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी फार घाबरलो होतो. अंधार पडायच्या सुमारास आनाक्लेतो अंगणात आला. एक हात त्याने पाठीमागे धरला होता. मी डोळे मिटून घेतले. नाकाला वास आला तो ताज्या पावाचा. त्याने पाव माझ्यापुढे धरला आणि होर्तेन्सियाबाईंना म्हणाला, "चूक माझी. बैलानं काय केलंय? सगळ्यांना सांगून आलोय, ह्याला कोणी हात लावायचा नाही. आज नाही, कधीच नाही."

"मग विल्बेरला तसं सांगून टाका," बाई म्हणाल्या. "ह्या बैलापायी पोरगं दर वर्षी तिकडं बोलणी खातंय."

आनाक्लेतो ओट्यावर बसला. "सांगितलं तर येईल का तो, होर्तेन्सिया? लिमाला गेलेली आपली किती पोरं परत आली? माझा थोरला गेला, नऊ वर्षं झाली. फोनवर 'बरा आहे' म्हणतो आणि ठेवून देतो. त्याला यायला बैल नाही."

बाईंनी हातातले सूत खाली ठेवले. म्हणाल्या, "नका सांगू."

दुसऱ्या दिवशी विल्बेरचा फोन आला तेव्हा सगळ्या गावाने खोटे सांगितले. जिंकलो रे, बैल मजेत आहे. पुढे आणखी दोनदा त्याला येता आले नाही, दोन्ही वेळा आम्ही हरलो, आणि दोन्ही वेळा गाव जिंकल्याचे सांगून मोकळे झाले. मास्तरसुद्धा.

वर्षे गेली. रेडिओवर विल्बेरचे नाव आधी कमी झाले, मग सामना संपता संपता येऊ लागले, मग येईनासे झाले. तो लिमातल्याच एका छोट्या क्लबात गेला. चौकात रविवारी गर्दी होईना. मलाही पाहायला फारसे कोणी येत नव्हते. माझ्या जागी नांगराला दुसरा बैल लागला होता. पण जुलै आला की विल्बेर यायचा. केस विरळ झालेला, धावताना धापा टाकणारा, तरी यायचा.

अशाच एका सणाला, त्याच्या शेवटच्या सामन्यात, त्याने उसळलेल्या चेंडूवर झेप घेतली आणि त्याचा पाय खड्ड्यात गेला. गुडघ्यातून आलेला आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. कोणाच्या तरी घराचे दार काढून त्यावर घालून त्याला अंगणात आणले. आनाक्लेतो आता म्हातारा झाला होता. तो त्याच्या उशाशी बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"माझ्यामुळं झालं, पोरा. बैलाला कधीच धोका नव्हता. आम्ही हरलो होतो, तीनदा हरलो, आणि तुझ्याशी खोटं बोललो. तू यावास म्हणून."

विल्बेरचा चेहरा वेदनेने पांढरा पडला होता. तरी तो हसला.

"माहीत आहे मला, काका."

"काय माहीत आहे?"

"सगळं. रिकाम्या गोलात चेंडू घालणारा तो कोयापाताचा पोरगा लिमात माझ्याच गल्लीत राहतो. असा गोल मारून तो गप्प बसेल होय? तुम्ही रेडिओ धरून कसे नाचलात तेही करून दाखवतो. त्याची बायकोसुद्धा करून दाखवते."

आनाक्लेतो रडायचा थांबला. "मग इतकी वर्षं मरायला कशाला येत होतास?"

"मॅनेजरला काय सांगणार होतो? आईची आठवण येते म्हणून? सगळ्यांनी टर उडवली असती. बैलाचा जीव वाचवायचाय म्हटल्यावर चिडायचे, पण सोडायचे."

होर्तेन्सियाबाई उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि हातात उकडलेल्या मक्याचा वाडगा होता. आनाक्लेतो खाली मान घालून बसला होता. "आता गुडघा गेला, बैलाचं गुपितही गेलं," तो पुटपुटला. "आता कशाला येशील?"

विल्बेरने हात लांब करून माझ्या वाकड्या शिंगाला लावला. दुसऱ्या दिवशी त्याला लिमाला नेले. गुडघ्याचे ऑपरेशन झाले, क्लबाने करार संपवला, एवढेच कानावर आले. नंतर ना फोन, ना निरोप. होर्तेन्सियाबाई रस्त्याकडे तोंड करून सूत कातायच्या. आनाक्लेतो मला पाव द्यायला यायचा आणि वळणाकडे एक नजर टाकून जायचा. मला खाणे गोड लागेनासे झाले.

पुन्हा सान्तियागोचा सण आला. माझ्या कानात नव्या फिती ओवल्या, गळ्यात पावाची माळ घातली. सामना सुरू झाला, पण म्हाताऱ्या आनाक्लेतोचे लक्ष तिकडे नव्हते. वळणावर धूळ उडाली. बस थांबली. दार उघडायला वेळ लागला, कारण उतरणारा माणूस एकेक पायरी जपून उतरत होता. एका हातात काठी. खेळाचे बूट नाहीत, पिशवीत जर्सी नाही.

आनाक्लेतोने घसा खाकरला. "बैल ठणठणीत आहे," तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "तुझं काय काम इथं?"

"काही नाही," विल्बेर म्हणाला. "आलो."

मित्रांनो, म्हातारा बैल नांगर ओढत नाही आणि जुना खेळाडू गोल करत नाही. त्यांना मूठभर वैरण, वाडगाभर मका देत जा, त्यांच्या पाठीवर हात ठेवत जा. आणि तुमचे कोणी लांब राहत असेल तर त्याला बोलावण्यासाठी बैल शोधत बसू नका. तुझी आठवण येते, ये, असे सरळ सांगा. आमच्या गावाला एवढे सांगायला पंधरा वर्षे मिळाली, तरी ते कोणी सांगितलेच नाही.