कादंबरीएवढी खोली

कादंबरीचा पहिला भाग संपला तेव्हा शालनताईंची बैठकीची खोली गल्लीएवढी लांब झाली होती. शेजाऱ्यांची तक्रार नव्हती. बाहेरून घर होतं तेवढंच होतं. खिडकीपाशी बसून शालनताई वाचत होत्या आणि पलीकडच्या भिंतीला टेकून त्यांचे यजमान दौलतराव भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. पान उलटलं की ती भिंत मागे सरकायची आणि तिच्याबरोबर दौलतरावही.

ते जाडजूड बाड प्रकाशक बेनाडीकरांनी अभिप्रायासाठी पाठवलं होतं. नऊ ग्रह, हजार वर्षं, एक जहाज, लढाया. "वाचण्यासारखी आहे का, एवढंच सांगा," ते म्हणाले होते.

दुसऱ्या भागात आवाज पोचायला वेळ लागू लागला.

"अहो, चहा टाकू का?" शालनताईंनी सकाळी विचारलं.

"टाक," असं दुपारी ऐकू आलं.

त्यांनी वाचन थांबवून पाहिलं. भिंत होती तिथंच राहिली. पानं उलटी चाळली, तरी ती जवळ येईना. मग त्यांनी बेनाडीकरांना फोन लावला.

"आमचे हे आता दिसेनासे झालेत."

"बरं. कादंबरी कशी आहे, ताई?"

"लढाया लांबल्यात. सूर्य विझतो, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. जहाजात एक यमू आहे. तिचा भाऊ मागे राहिलाय. त्याचं बोलणं तिच्यापर्यंत पोचतं तोवर तो म्हातारा झालेला असतो. तरी ती रोज विचारते, जेवलास का म्हणून. तिचं काय होतं ते कळल्याशिवाय माझ्याच्यानं खाली ठेववत नाही."

"मग आहे की वाचण्यासारखी!" बेनाडीकर खुशीत म्हणाले. "पुरी करा."

शालनताई बाड उघडं धरून भिंतीच्या दिशेनं निघाल्या. न वाचता चाललं की पाय जागच्या जागीच पडत. वाचत चाललं की वाट सरे, पण अंतर वाढे. म्हणून त्या भरभर वाचत राहिल्या. फरशी संपली, खडी लागली, मग तांबडी माती. हाका मारून त्यांचा घसा बसला.

शेवटच्या भागात समोरून माणसं येताना दिसली. डोक्यावर गाठोडी, डोळे उजेडाला न सरावलेले. पुढे चालणाऱ्या बाईला शालनताईंनी लगेच ओळखलं.

"यमू, जहाज कुठंय?"

"तिकडं उभं आहे. आम्ही उतरलो."

"तिथं आमचे हे बसले होते."

"ते चढले," यमू म्हणाली. "आम्ही नको म्हणत होतो. म्हणाले, बायकोच्या हाका आतून येतायत."

शालनताईंच्या हाताखाली शेवटचं पान होतं. त्याची पहिली ओळ त्यांनी वाचली: दौलतरावांनी आत जाऊन दार ओढून घेतलं. पुढच्या ओळींवर त्यांनी तळहात घट्ट दाबून धरला.

माणसांनी गाठोडी खाली ठेवली आणि ती भोवती जमली.

"पुढं वाचा, बाई," यमू हळूच म्हणाली. "माझ्या भावाचंही त्याच पानावर आहे."

शालनताईंनी हात काढला नाही. तळहाताखालचा कागद निजलेल्या माणसाच्या छातीसारखा वर येत होता, खाली जात होता.