ठमीने रचलेला कोड

मला राग फार आहे, हे आधीच सांगून टाकते. पडदे शिवायचं दुकान आहे माझं. गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा माप बदललं की कापड गुंडाळून त्याच्या हातात देते आणि दरवाजा दाखवते. तेव्हा त्या रविवारी जे झालं ते माझ्या उतावीळपणामुळे झालं, यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही.

धाकटी बहीण चार महिन्यांपूर्वी नेसत्या कपड्यांनिशी, एक जुना टॅब तेवढा घेऊन माझ्याकडे आली. नवरा हात उचलायचा. दहा वर्षांची लेक, आमची ठमी, त्याने ठेवून घेतली. कोर्टात अर्ज केलाय, तारखांवर तारखा पडताहेत. त्याने आमचे नंबर ब्लॉक करून टाकले आणि वर निरोप धाडला, "जास्त कराल तर पोरीला घेऊन दुसऱ्या गावी जाईन, मग बसा शोधत." मेला बोलतो ते करतो, तीच तर भीती.

मायलेकींमध्ये एकच धागा उरला होता, तोही कसला, तर एका ऑनलाइन गेमचा. ठमीने पूर्वी कधीतरी बापाचाच फोन नंबर देऊन आईला तिच्या टॅबवर त्यात खातं उघडून दिलं होतं, 'भोपळा' नावाने. बापाला वाटायचं, भोपळा म्हणजे वर्गातला कुणी पोरगा. रोज शाळेतून आल्यावर ठमी आणि भोपळा विटांची घरं बांधायचे आणि खाली चार शब्द लिहायचे. "जेवलीस?" "हो. बाबा आज शांत आहेत." एवढ्यावर माझी बहीण दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरायची.

आणि बहिणीच्या त्या टॅबची बॅटरी फुगली. स्क्रीन एका कडेने उचलून आला. दुरुस्तीवाल्याने तो उलटापालटा करून बघितला. "हा आज जातोय की उद्या. खातं दुसऱ्या फोनवर उघडा. पासवर्ड टाकला की कोड येईल. नंबर कुणाचा दिलाय?"

नंबर नवऱ्याचा. बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. नवीन खातं काढून उपयोग नव्हता, कारण ठमीच्या टॅबला बापाने कुलूप घातलेलं. नवा मित्र जोडायचा तर त्याची परवानगी लागायची.

"मग हा चालू आहे तोवर ह्याच्यातूनच ती दोन टप्प्यांची पडताळणी बंद करून टाका," दुरुस्तीवाला म्हणाला. "पुढे नुसत्या पासवर्डवर उघडेल. फक्त बंद करतानाही एकदा कोड त्या नंबरवर जाणार."

"म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालायचाच."

"एकदाच, ताई."

खेळातच लिहून तोड ठमीनेच काढली. रविवारी बाबा दाढी-आंघोळीला जातात (दहा वाजता, वीस मिनिटं, हे बहिणीला ठाऊकच होतं), तेव्हा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो. फोन उघडायचा कसा हे तिला केव्हाच पाठ होतं. कोड कळवायचा, मेसेज पुसायचा, फोन जागेवर ठेवायचा. दहा वर्षांच्या पोरीला हे सगळं सुचावं, याचंच मला रडू आलं.

रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही कापड कापायच्या टेबलाशी बसलो. दहा वाजून गेले. टॅबवर शब्द आला, "गेले."

मी बटण दाबलं. कोड पाठवला, दहा मिनिटांत टाका, असं आलं. बहिणीने माझं मनगट धरलं होतं.

ठमीने कोड लिहिला. आणि आम्हाला दिसल्या नुसत्या फुल्या. मुलांनी फोन नंबर देऊ नयेत म्हणून हा गेम आकडेच गिळतो म्हणे! पोरीने अक्षरांत लिहिलं, तर ती अक्षरंही गिळली. "आग लागो तुझ्या शहाणपणाला!" मी टॅबवर ओरडले. तीन मिनिटं गेली होती.

मग ठमी काही लिहीचना. तिची ती चिमुकली बाहुली अंगणात गेली आणि विटा मांडायला लागली. एकावर एक चार. शेजारी एक. मग भराभर वर चढणारा एक ढीग.

"ताई, ती आकडे रचतेय!" बहीण म्हणाली.

सहा ढीग. मी मोजले आणि टाकले. चूक. आणखी एकच संधी आहे, असं खाली लाल अक्षरांत आलं. बहिणीने मला बाजूला सारलं, बोट लावून एकेक वीट मोजली. तिसऱ्या ढिगात सात होत्या, मी घाईत आठ धरल्या होत्या.

कोड लागला. 'पडताळणी खरोखर बंद करायची?' खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं. ते वाचेल कोण! मी 'हो' दाबलं.

"पुसला," ठमीने लिहिलं. "फोन ठेवून येते."

आम्ही दोघी हसलोसुद्धा. बहीण डोळे पुसत टॅबवर पुढे आलेलं वाचत होती, आणि वाचता वाचता थांबली. "ताई, हे बघ. 'बदलाची सूचना तुमच्या नंबरवर पाठवली आहे.'"

ठमीने पुसल्यानंतर दुसरा मेसेज गेला होता.

बहिणीने लिहिलं, "ठमे, फोन परत घे. अजून एक आलाय, तो पूस." बाहुली विटांपाशी नुसती उभी. "ठमे." उत्तर नाही. मी देवाला हात जोडले, त्याच्या दाढीला आज जास्त वेळ लागू दे म्हणून.

मग अक्षरं उमटली. "भोपळा कोण आहे?"

पुन्हा, "कोण आहेस? आत्ता सांग."

खरं सांगते, माझी बोबडी वळली. चार महिने मी ऐटीत सांगत फिरत होते, समोर आला तर त्याला उभा चिरेन. आता तो एका खेळण्यातून बोलत होता आणि मी टेबलापासून मागे सरकले होते. "बंद कर टॅब," मी म्हटलं. "वर्गातला मुलगा आहे म्हणून सांग."

"ताई, पोरगी त्याच्या शेजारी उभी असेल." तिने लिहिलं, "मी तिची आई. तिला हात लावू नकोस. मी निघाले." आणि चपला घालून ती स्कूटरपाशी गेलीसुद्धा.

मी पोलिसांना फोन केला. पत्ता दोनदा सांगितला. निघतो म्हणाले. किती वेळात, ते सांगितलं नाही.

तिला मागे बसवून मी चौक ओलांडला आणि तिचा फोन वाजला. नवऱ्याचा नंबर. तिने उचलला, आणि मागून मला तिचा आवाज आला, "ठमे? बाळा?"

चार महिन्यांनी ती लेकीचा आवाज ऐकत होती. तो टॅबवर डोकं घालून बसला असताना पोरीने त्याचा फोन उचलला, बाथरूममध्ये शिरली आणि आतून कडी लावली. दार धडाधडा वाजत होतं, ते मला स्कूटर चालवतानाही फोनमधून ऐकू आलं.

"कडी काढू नकोस," बहीण म्हणत होती. "काही झालं तरी नाही. घरात माझा आवाज येईल, तेव्हाच काढ. मी आलेच, पाच मिनिटं. बोलत राहा माझ्याशी." माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, रस्ता धड दिसत नव्हता, आणि पाच मिनिटं काही संपत नव्हती.

पोलीस आले नव्हते. बहिणीने बेल वाजवली नाही, दोन्ही मुठींनी दार बडवलं. ओल्या केसांनी, कमरेला टॉवेल अशा अवतारात त्याने उघडलं. मी मागे उभी. माझ्या हातात कापड कापायची कात्री होती. दुकानातून कधी उचलली, स्कूटर कशी चालवली, देव जाणे. खालचे-वरचे शेजारी जिन्यात गोळा झाले होते.

अकरा वर्षांत माझ्या बहिणीने त्या घरात आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. "बाजूला हो," ती म्हणाली.

त्याने शेजाऱ्यांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. हात उचलला. ती हलली नाही, डोळेही मिटले नाहीत. हात तसाच राहिला, मग खाली गेला.

"ठमे," ती आत बघून म्हणाली, "आई आलीय."

आतून कडी निघाल्याचा आवाज आला.