अर्धा हत्ती

टिटवीचा आवाज घरात पहिल्यापासून होता, शाळेत तो पोहोचला नववीत. तोवर हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही तिचा आवाज ओठांतच राहायचा. मग एकदा नाटकाच्या तासाला तिने उभं राहून राणीचं भाषण म्हटलं, शेवटच्या बाकावरच्यांनी झोपेतून माना वर केल्या, आणि तेव्हापासून राणीसाहेबांचं तोंड म्हणून बंद झालं नाही.

पण नाटकाचा तास यायचा शुक्रवारी, शेवटचा. शिक्षकांची बैठक आली, उडव तो तास. पाहुणे आले, उडव तो तास. फळे रंगवायचे, तेही त्याच तासाला. वर्षभरात नाटक व्हायचं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं, आणि तीही एकाच हाताची.

म्हणून टिटवी सरळ मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेली आणि म्हणाली, वेळापत्रकातून वारच काढून टाकूया. सोमवार-मंगळवारच्या जागी सहा प्राणी ठेवायचे: हत्ती, मोर, कासव, ससा, घार आणि बेडूक. ज्या दिवशी जो प्राणी, त्याचे तास. शाळेचे दिवस पाच आणि प्राणी सहा, म्हणजे दर आठवड्याला प्रत्येकजण एकेक घर पुढे सरकणार आणि शुक्रवार कुणाच्याच बोकांडी कायमचा बसणार नाही. सुट्टी आली तर प्राणी झोपेल आणि दुसऱ्या दिवशी उठून तोच येईल.

वेळापत्रक हे भूगोलाच्या सरांचं राज्य. टिटवी पाळण्यात होती तेव्हापासून ते रंगीत पेन्सिलींनी आखत आलेले. तिथेच बसलेल्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “उद्या सूर्यालाही सांगणार का, बाबा रे, आज जरा पश्चिमेकडून उगव म्हणून?”

बाई मात्र हसल्या. महिनाभर चालवून बघू म्हणाल्या. अट एकच: महिना संपेपर्यंत एकाही वर्गाचा एकही तास बुडता कामा नये. बुडाला, तर वार परत आणि सरांच्या पेन्सिलीही परत.

मग शिक्षकांच्या खोलीतल्या लांब टेबलावर दोघं समोरासमोर बसले. सर नाखुशीने बसले, पण आखायला लागल्यावर त्यांना राहवेना. बेडकाला लागोपाठ दोन गणितं दिलेली पाहून, “मारतेस की काय त्या बेडकाला?” म्हणत त्यांनी एक गणित उचलून घारीला दिलं. नववीचं नाटक आलं हत्तीच्या दुपारी. पहिलीच्या मुलांनी प्राण्यांची चित्रं काढली आणि शिपाईमामांनी ती पुठ्ठ्यांवर चिकटवली. रोज सकाळी फाटकावर एक पुठ्ठा टांगायचा, हे काम त्यांनी असं अंगावर घेतलं की कासवाला चढवतानासुद्धा त्याची धूळ पुसायचे.

शाळेला भलतीच मजा यायला लागली. मुलांना सोडायला आलेल्या आया लांबूनच विचारायच्या, “मामा, आज कोण?” दप्तर विसरणाऱ्यांना नवी सबब मिळाली: मला वाटलं, आज ससा. आणि नाटक? नाटक चक्क व्हायला लागलं. टिटवीची राणी दुसऱ्या अंकात पोहोचली.

महिना संपत आला आणि क्रीडादिन आला. अर्धाच. सकाळी मैदान, दुपारी तास. सुट्टीचं काय करायचं हे ठरलं होतं, अख्ख्या दिवसाच्या कार्यक्रमाचंही ठरलं होतं. अर्ध्या दिवसाचा विचारच कुणी केला नव्हता. पाळी होती हत्तीची. हत्ती झोपवायचा की आणायचा, असं सरांनी विचारलं तेव्हा टिटवीने डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं, आणायचा. दुपारी तास आहेतच ना, मग हत्ती घरी कशाला?

दुपारी राणीने सिंहासन सोडलं, वर्गाने टाळ्या वाजवल्या, टिटवी हवेत.

संध्याकाळी जेवताना तिची धाकटी बहीण चिंगी ताटात बोट फिरवत बसली होती. ती पहिलीत, फाटकावरचा हत्ती तिच्याच वर्गाचा, आणि त्याचा उजवा कान तिने स्वतः रंगवलेला. आईने विचारलं, काय झालं गं?

“हत्ती आला होता,” चिंगी म्हणाली, “पण आमची गोष्ट नाही आली.”

पहिलीचा गोष्टीचा तास हत्तीच्या सकाळी होता. सकाळी होतं मैदान.

“येईल पुढच्या वेळी,” टिटवी घाईघाईने म्हणाली.

“बरं,” चिंगी म्हणाली. रडली नाही, भांडली नाही, नुसतं बरं म्हणाली. टिटवीचा घास तोंडातच राहिला. शुक्रवारी नाटक उडालं की मागच्या बाकावरची जुनी टिटवी अगदी असंच ‘बरं’ म्हणायची.

आता गंमत अशी, की हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पहिलीची पोरं काही तक्रार घेऊन जाणार नव्हती, आणि इतर वर्गांना सकाळचे तास गेल्याचं दुःख नव्हतं. चार दिवस गप्प बसलं की महिना पार, प्राणी कायमचे, राणी तिसऱ्या अंकात. आणि तोंड उघडलं की सगळं मुसळ केरात.

दुसऱ्या दिवशी फाटकावर मोर डोलत होता. टिटवी त्याच्याकडे न बघता बाईंच्या खोलीकडे गेली. सर तिथेच होते. तिने उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, हत्ती आणण्यात आपल्या नाटकाचा स्वार्थ होता तेही.

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे तास बुडाला.”

जुनी टिटवी ‘बरं’ म्हणून निघणारच होती. पण मागे वळायच्या आत तिला तिचाच आवाज ऐकू आला. “बुडाला नाही, बाई. राहिलाय. महिना अजून संपला नाही.”

मग सर खाकरले. “बैठकीच्या शुक्रवारी सकाळी काय ठेवलंय आपण?”

वर्गसजावट, टिटवी म्हणाली. शिक्षकांची बैठक दुपारी, त्यामुळे त्या दिवशी प्राणीच नव्हता.

“वर्गसजावट दरवर्षी होते आणि वर्ग दरवर्षी तसेच दिसतात,” सर म्हणाले. “तिथे हत्तीची राहिलेली सकाळ बसवा. अर्ध्याला अर्धा.” मग टिटवीकडे वळून जरा पडेल आवाजात म्हणाले, “तुमचं नाटक एवढ्यांदा उडालं, मला कधी कुणी सांगितलं नाही.”

“आम्ही दरवर्षी सांगायचो, सर.”

“मोठ्याने सांगायचं होतंस,” सर म्हणाले, आणि बाईंना इतकं हसू आलं की अट तिथल्या तिथे विरघळली. पेन्सिली सरांकडेच राहिल्या, प्राणीही राहिले, आणि वेळापत्रकात खाली सरांनी स्वतःच्या अक्षरात नवा नियम लिहिला: अर्धा दिवस अर्धाच मोजावा.

शुक्रवारी सकाळी शिपाईमामांपुढे पेच पडला. अख्खा हत्ती टांगला तर मुलं दुपारच्या तासांचीही वाट बघत बसणार. मग त्यांनी हत्तीच्या मागच्या अर्ध्या भागावर कोरा कागद लावला. फाटकावर सोंड, डोळे आणि चिंगीचा कान, बस्स.

एका आईने थांबून विचारलं, “मामा, बाकीचा हत्ती कुठाय?”

“तो क्रीडादिनालाच येऊन गेला,” मामा म्हणाले.

चिंगी तोवर ताईचा हात सोडून आत पळालीसुद्धा होती. पहिलीच्या बाई गोष्टीचं पुस्तक उघडत होत्या.