बाहेर काढलेले जोडे

वलवणच्या धरणाचं काम जोरात चालू होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. कामावर एक स्विस साहेब होता आणि त्याच्या लोणावळ्याच्या बंगल्यावर वलवणचा रखमाजी स्वयंपाकाला होता. पावसाळा सरता सरता साहेबाला तापाने धरलं ते सोडेना. माघात त्याला मायदेशी न्यायचं ठरलं. पण त्याला उठवायचं, बसवायचं, पेज पाजायची ती रखमाजीनेच. दुसऱ्या कुणाच्या हातचं तो घेत नसे. तेव्हा रखमाजीने बोटीवर त्याच्या सोबत इटलीच्या जिनोवा बंदरापर्यंत जावं, तिथे साहेबाचा भाऊ न्यायला येईल, आणि रखमाजीने दुसऱ्या दिवशीच्या बोटीने परत फिरावं, असा बेत झाला. परतीचं तिकीट आधीच काढून त्याच्या हातात दिलं.

घरी त्याची बायको मुक्ताबाई बरी नव्हती. पायांवर सूज होती, चार पावलं चालली की धाप लागायची. रखमाजीचा पाय निघत नव्हता. तिनेच त्याला धाडला. गेल्या साली ती आजारी होती तेव्हा याच साहेबाने भर पावसात आपल्या टांग्यातून डॉक्टर आणला होता, ते ती विसरली नव्हती.

"जावा तुमी," ती म्हणाली. "पाडव्याला गुढी उभारायला या म्हंजी झालं."

बोटीवर नसीर नावाचा एक खलाशी होता, चिपळूणकडचा. मराठी बोलणारा तेवढाच एक, म्हणून रखमाजी त्याला धरून असे. त्याने रखमाजीला सांगून ठेवलं होतं की जिनोवाच्या धक्क्यावर खिसा कधी कापला गेला ते कळतसुद्धा नाही. तिकीट बुटात घाल, तळव्याच्या चामड्याखाली. पायातलं कोण काढून नेणार? रखमाजीला ते पटलं. त्याने तिकिटाची घडी करून डाव्या बुटात सरकवली.

बोट लागली ती दुपारी. धक्क्यावर साहेबाचा भाऊ उभा होता आणि त्याच्या हातात एक तार होती. धरणाच्या कचेरीतून आली होती. डोलीत पडल्या पडल्या साहेबाने ती वाचली, रखमाजीचा हात धरला आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं, "तेरी औरत बहुत बीमार. जल्दी जाओ."

रखमाजीला पुढचं काही नीट ऐकू आलं नाही. भावाला गाडी गाठायची घाई होती. त्याने बंदरामागच्या गल्लीत एका स्वस्त पण बऱ्या खाणावळीत रखमाजीला वरच्या मजल्यावरची खोली घेऊन दिली, तिचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला, आणि बोट उद्या बारा वाजता सुटते हे घड्याळावर बोट ठेवून दोनदा दाखवलं. ही बोट चुकली तर पुढची तीन आठवड्यांनी. मग तो गेला. रखमाजीने चिठ्ठीही बुटात तिकिटाशेजारी घातली.

खोलीचं दार उघडून तो उंबऱ्यावरच थांबला. लाकडी जमीन घासून घासून आरशासारखी केलेली. पलंगावर पांढरी चादर. आणि कोपऱ्यात, भिंतीवर, मूल कडेवर घेतलेल्या एका बाईची तसबीर, तिच्यापुढे बारीकसा दिवा. देवाचा दिवा लागतो त्या खोलीत जोड्यांनी कसं जायचं? त्याने बूट काढले, दाराबाहेर भिंतीला लावून नीट जोडीने ठेवले आणि आत गेला. तिकिटाची त्याला आठवण नव्हती असं नाही. पण दारात काढलेल्या दुसऱ्याच्या जोड्याला हात लावील असा माणूस त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. वलवणात तर चोरसुद्धा तसलं करणार नाही. त्याने तसबिरीला हात जोडले, मुक्ताबाईचं नाव घेतलं आणि पलंगावर अंग टाकलं. कितीतरी दिवसांची झोप साचलेली होती.

उजाडल्यावर त्याने दार उघडलं तर बूट नाहीत.

आधी त्याला वाटलं, कुणी जरा बाजूला सारले असतील. त्याने जिन्यावर पाहिलं, शेजारच्या दारांशी पाहिलं. मग तो जिना उतरला. खाली खाणावळवाली बाई चुलीशी होती. त्याने आपले मोजे दाखवले, रिकामे हात दाखवले. बाई हसली. मान हलवून तिने खाली बोट दाखवलं आणि पुन्हा कामाला लागली. रखमाजीला वाटलं, चोर खालच्या गल्लीत पळाला असं ती सांगते आहे. आणि हसते आहे! तो तसाच बाहेर धावला.

पाऊस पडून गेला होता. दगडी फरशी बर्फासारखी गार होती. गल्लीच्या टोकाला एक म्हातारा खांद्यावर जुन्या बुटांची माळ टाकून चालला होता. रखमाजी त्याच्यामागे गेला, दोन गल्ल्या, चार गल्ल्या, आणि शेवटी जुन्या बाजारात त्याला गाठलं. सगळी माळ तपासली. त्यात त्याचे बूट नव्हते. म्हातारा ओरडायला लागला, माणसं जमली. कुणीतरी त्याच्या ओल्या मोज्यांकडे बोट दाखवून काहीतरी बोललं आणि सगळे हसले. तो हात जोडून तिथून निघाला. आणखी दोन ठिकाणी जुने बूट मांडलेले होते, तेही पाहिले. दिवस बराच वर आला होता.

मग त्याला वाटलं, बूट गेले तर जाऊ देत, बोट तर गाठू. समुद्र उताराला असणार, एवढं कळत होतं. तो उतारउताराने बंदरावर आला. मुंबईची बोट उभी होती. शिडीपाशी गोऱ्या अंमलदाराने तिकीट मागितलं. रखमाजीने पाय दाखवले. घराच्या दिशेने हात केला, छातीवर हात ठेवला, बायको आजारी आहे हे खुणेने सांगता येईना तेव्हा झोपल्याचं सोंग करून दाखवलं. अंमलदाराने त्याला बाजूला केलं. पुन्हा आला तेव्हा ढकललं.

शेजारच्या धक्क्यावर, तो ज्या बोटीने आला होता ती माल उतरवत होती. तिथून नसीरने त्याला पाहिलं आणि तो धावत आला. रखमाजीने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता नसीरने कपाळाला हात लावला.

"भाऊ, चोरी नाही झाली. इकडे खोलीबाहेर बूट ठेवले की पॉलिशला द्यायचे आहेत असं समजतात. तळघरात नेतात नि सकाळी परत आणून ठेवतात. आता दाराशीच असतील. पळ, अजून तासभर आहे."

"तू चल की माज्यासंगं."

नसीरने मागे पाहिलं. त्याचा सारंग, खलाशांचा मुकादम, हाका मारत होता. "मला धक्का सोडता येत नाही. घर कुठलं ते ठाऊक आहे ना?"

रखमाजीने व्हय म्हटलं आणि पळत सुटला. ठाऊक होतं असं त्याला वाटलं होतं. मावळात तो कधी वाट चुकला नव्हता. तिकडे मान वर केली की नागफणीचा सुळका दिसतो, नाहीतर तुंगार्लीचा डोंगर. घर सांगायचं तर चिंचेजवळचं नाहीतर विहिरीपल्याडचं. इथे आभाळाची चिंधी तेवढी वर दिसत होती. सहा सहा मजल्यांची घरं, सगळ्यांच्या खिडक्या हिरव्या, सगळीकडे धुणं वाळत घातलेलं. पत्ता बुटात होता. दोन घरांत तो जिना चढून वर गेला आणि दोन्हीकडून त्याला हाकललं. एका चौकात तो तिसऱ्यांदा येऊन उभा राहिला तेव्हा त्याला रडू आलं. भर रस्त्यात, मिशीवाला माणूस, तो लहान पोरासारखा रडला आणि रडत रडत पुन्हा पळाला.

शेवटी ओळखू आली ती खाणावळवाली बाई. दारात उभी राहून ती त्यालाच शोधत होती. ती काही बोलायच्या आत तो जिना चढत होता. तिसऱ्या जिन्यावर असताना बंदरातून भोंगा झाला, लांब, एकदाच.

बूट दाराशी होते. भिंतीला लावून, त्याने ठेवले होते तसेच जोडीने. इतके चकचकीत ते नवे असतानाही नव्हते. डाव्या बुटात तिकीट कोरडं ठणठणीत होतं. खिडकीतून बोटीचा धूर दिसत होता, धक्क्यापासून सुटलेला.

तेच तिकीट पुढच्या बोटीला चाललं, पण ते तीन आठवडे खाणावळीत त्याने कसे काढले, ते त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही. बाईने ताटात वाढलेलं तो कधी खायचा, कधी नाही. बूट मात्र त्याने पायातून काढले नाहीत. त्या दिव्यासमोरसुद्धा नाही.

पाडवा होऊन गेल्यावर तो लोणावळ्याच्या स्टेशनात उतरला. वलवणच्या वाटेवर कुणीतरी भेटलं, आणि मान खाली घालून वाटेतून बाजूला झालं. तिथेच त्याला कळलं.

घरी मुक्ताबाईची आई, झुंबरबाई, अंगणात बसली होती. तिने सांगितलं ते सरळ सांगितलं. रंगपंचमीच्या दिवशी मुक्ताबाई गेली. अग्नी तिच्या भावाने, दत्तोबाने दिला. शेवटी बोलणं बंद झालं होतं, पण दाराकडे बघत होती.

रखमाजी मनात दिवस मोजू लागला. चुकलेली बोट मुंबईला लागली होती होळीच्या दिवशी. ते त्याने उतरल्या उतरल्या गोदीत विचारून घेतलं होतं. म्हणजे होळी ते रंगपंचमी. पाच दिवस मिळाले असते. त्याने काही तिला वाचवली नसती. पाणी पाजलं असतं. उशाशी बसला असता. ती दाराकडे बघत होती तेव्हा दारातून आला असता.

"एवडा उशीर का झाला, बाबा?" झुंबरबाईने विचारलं. "तार तर येळंला गेलती म्हनं."

बोट बिघडली म्हणून सांगायचं, असं त्याने वाटेत ठरवलं होतं. ते तोंडातून निघेना. त्याने खरं ते सांगितलं, म्हातारीला कळेल अशा शब्दांत. खोलीत देवाचा दिवा होता. जोडे बाहेर काढले. तिकीट जोड्यात होतं. सकाळी जोडे जाग्यावर नव्हते, आणि ते हुडकण्यात बोट गेली.

झुंबरबाईने सगळं ऐकलं. चूक कुठे झाली ते तिला सापडेना.

"मग, देवाम्होरं जोडं घालून जानार व्हता का?" ती म्हणाली. "भाईरच काडायचं असत्यात की. तू केलंस त्यात वावगं काय?"

 म्हातारी उठली, पाण्याचा तांब्या आणून तिने उंबऱ्याशी ठेवला आणि पाय धू म्हणाली. तो खाली बसला. तीन आठवडे जिनोवात आणि सगळा समुद्रभर न सोडलेल्या नाड्या गाठी बसून घट्ट झाल्या होत्या. त्या त्याला सुटेनात. शेवटी झुंबरबाईने आतून विळा आणून त्या कापल्या, तेव्हा बूट निघाले.