आईच्या वर्षातला एसी

बेंगळुरात एसी कशाला लागतो, हा प्रश्न आमच्या इथल्या जुन्या मराठी घरांतून अशा तोऱ्यात विचारला जायचा की जणू ही हवा यांच्याच आजोबांनी आणून सोडली होती. यशवंतपूरच्या आमच्या घरात एसी आला तेव्हा गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाच्या निमित्तानं तो बघून गेल्या आणि फाटकाबाहेर पडल्यावर नाकं मुरडली. आईनं कुणाला उत्तर दिलं नाही. सुधींद्र जगायला हवा असेल तर त्याची खोली गार ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तिच्यापुरता विषय तिथंच संपला होता.

सुधींद्र माझा धाकटा भाऊ. गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करताना पाय घसरून पडला आणि मानेला मार बसला. तेव्हापासून मानेखालचं शरीर त्याचं ऐकत नाही. हात खांद्यातून थोडे हलतात, पण बोटं मिटत नाहीत आणि हाताला काही लागलेलं कळत नाही. डोकं मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा तल्लख. पडल्या पडल्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतो आणि गृहपाठ न करणाऱ्यांची तिथूनच हजेरी घेतो. अशा दुखण्यात माणसाला घाम येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. आपलं अंग घामानं स्वतःला निववतं, त्याचं निववत नाही. खोली तापली की तोही तापत जातो, आणि एका मर्यादेपलीकडे तापला की हातचा जायची वेळ येते.

मागच्या ज्येष्ठात आई गेली. सुधींद्रचं सगळं करायला परसू आधीपासून येत होताच, आता तो दिवसभर राहायला लागला. परसू आनेकलचा, पन्नाशीचा, घरी मराठी बोलणारा पण निम्मं कन्नड मिसळून. रोज बसनं येतो आणि बस चुकली तर सबंध सरकारला शिव्या घालतो. मी एचएसआर लेआउटला राहते, विम्याच्या ऑफिसात नोकरी करते, रविवारी सकाळी माहेरी जाते. घरात अण्णा, म्हणजे आमचे वडील, आणि सुधींद्र. आणि तो म्हातारा एसी.

मार्चमध्ये तो नुसतंच वारं सोडायला लागला, तेव्हा मी विनोदकुमार मेकॅनिकला बोलावलं. त्यानं झाकण काढून बघितलं आणि सरळ सांगितलं, "गॅस भरून देतो. पण आतली नळी कुजलीय, गॅस टिकायचा नाही. कॉम्प्रेसरही थकलाय. महिना जाईल, नाहीतर आठवडाही जाणार नाही. ऊन वाढायच्या आत नवीन घ्या."

मला वाटलं, झालं, ठरलं. अण्णा म्हणाले, "ज्येष्ठात तिचं वर्ष होऊ दे. मग घेऊ."

घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्धापर्यंत सण नाही, गोडधोड नाही, नवी वस्तू घरात नाही. पुष्कळ घरांत हे आता सैल झालंय. आमच्या घरात नाही. आजी गेली त्या वर्षी आईनं नवी केरसुणीसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती, झिजून मूठभर उरलेल्या केरसुणीनं वर्ष काढलं होतं.

"अण्णा, औषधाला कसलं आलंय वर्ष?" मी म्हटलं.

"औषध बाटलीतनं येतं गं रूपा. हे भिंतीवर चढून बसतं. तिनं माझ्या आईचं वर्ष असं पाळलं, आणि मी तिचं मोडू? थोड्या दिवसांसाठी?"

"आणि तेवढ्या दिवसांत ह्याला काही झालं तर?"

"तोंडाला येईल ते बोलू नकोस."

माझा आवाज चढला. माझा आवाज चढायला वेळ लागत नाही, ही आईचीच देणगी. मी म्हटलं, मी ह्याला एचएसआरला घेऊन जाते, माझ्याकडे दोन एसी आहेत आणि कुणाचं वर्ष नाही. हे बोलल्यावर माझं मलाच वाईट वाटलं, कारण आई माझीही होती. अण्णा टोपी सारखी करत बसले.

तेवढ्यात आतून सुधींद्रचा आवाज आला. "खोली माझी आहे ना? मग मलाही विचारा की स्वल्प."

आम्ही दोघं गुपचूप आत गेलो. त्यानं गणित सोडवावं तसं ते प्रकरण सोडवलं. आत्ता गॅस भरून घ्यायचा. ज्या दिवशी तो म्हणेल की गार होत नाही, त्या दिवशी नवा एसी यायचा आणि अण्णांनी एक शब्द बोलायचा नाही. तोवर मी तोंड उघडायचं नाही.

"सरी, तसंच करू," अण्णा म्हणाले.

मलाही पटलं. ज्याच्या अंगाला लागणार त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? म्हणजे एसी कधी बदलायचा ते सुधींद्र सांगणार, असं ठरलं. पाडवा आला, गुढी न उभारता गेला. मी रोज फोन करायची, "गार होतंय का रे?" तो म्हणायचा, "मस्त." रविवारी सकाळी जायची तेव्हा खोली गारच लागायची, कारण बेंगळुरातली सकाळ अजून कुणी बिघडवलेली नाही. एसी घरघरत असायचा. अण्णांना विचारण्यात अर्थ नव्हता. ते एप्रिलमध्येही स्वेटर घालतात.

एप्रिल सरता सरता एका दुपारी ऑफिसात परसूचा फोन आला. "अक्का, बेगा या, लवकर. सुधण्णा कायतरीच बोलायलाय. आईला हाक मारायलाय. अंग तव्यासारखं झालंय."

मी रिक्षात बसूनच त्याला सांगत गेले, कपडे काढ, ओली चादर टाक, पंखा लाव, बर्फ मिळेल तिथून आण, ॲम्ब्युलन्सला फोन कर. मी सरळ दवाखान्यात पोचले तेव्हा त्याला आत नेलं होतं. अण्णा बाकावर बसले होते, एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्या पायात नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाले, "तो मला सकाळी म्हणाला होता, बरं आहे." तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांना पोटाशी धरावंसंही वाटत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले.

सुधींद्र वाचला. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गार खोली हेच ह्यांचं औषध, हेही त्यांनी ऐकवलं. मी मान खाली घालून ऐकलं आणि बाहेर येऊन परसूला धरलं. एसी आज बंद पडला की कधी, आणि पडल्यावर तू काय झोपा काढत होतास?

परसू रडायलाच लागला. "आज न्हवं, अक्का. पाडव्याच्या आदीपास्नंच नुसतं वारं मारायलाय. सुधण्णानं मला आईची शपथ घातली, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. दुपारभर ओले टॉवेल टाकून बसायचो मी. अण्णा डोकावले तर अंग पुसायलोय म्हणायचो, आन् रविवारी तुमी यायच्या आत टॉवेल दडवून ठेवायचो. आज पाणीच आलं न्हाई नळाला."

ज्याच्या शब्दावर आम्ही सगळं सोपवलं होतं, तोच रोज मला "मस्त" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी तो नीट शुद्धीवर आला आणि त्यानं पाणी मागितलं, तेव्हा मी चमच्यानं पाणी पाजलं आणि मग तोंड सोडलं. "शहाण्या, मरायचंच होतं तर तसं सांगायचं. मुलांना उत्तर ताडून बघा म्हणून शिकवतोस आणि स्वतः रोज खोटं बोलतोस? नवा एसी आजच बसतोय. विनोदकुमारला मी सांगणार आहे."

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"वर्ष होऊ दे, अक्का. मी बर्फावर काढीन. इथंच ठेव हवं तर. पण घरात नवं आणू नकोस."

"अण्णांच्या भीतीनं बोलतोयस?"

"नाही गं." तो छताकडे बघत होता. "आई गेली तेव्हा अग्नी कुणी दिला?"

अग्नी दामोदरनं दिला होता, आमच्या चुलतभावानं. अण्णांना उभं राहवत नव्हतं. दहावं, बारावं, महिन्याची श्राद्धं, सगळं दामोदरनंच केलं.

"मी दारातून बघितलं," सुधींद्र म्हणाला. "चाकाची खुर्ची अंगणात उतरत नव्हती. तिनं मला इतकी वर्षं धुतलं, पुसलं, भरवलं. आणि तिच्यासाठी एक पळीभर पाणी माझ्या हातून पडलं नाही. मुलगा मी, आणि सगळं केलं दामूनं. मला करता येण्यासारखं एकच होतं. तिचं वर्ष पाळायचं. गरम होत होतं ते सोसायचं. सोसायला बोटं लागत नाहीत."

मी त्याच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिले. मागं वळले तर दारात अण्णा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले नाहीत. भिंतीला धरून तसेच परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आंघोळ करून, धोतर नेसून दवाखान्यात आले. बरोबर पिशवी होती. तिच्यातून त्यांनी तांब्याचं ताम्हन, पळी, काळे तीळ आणि दर्भाची काडी काढली आणि खाटेजवळच्या टेबलावर मांडली. नर्स आली, तिला त्यांनी कन्नडमध्ये विचारलं की दक्षिण कुठल्या बाजूला. तिनं खिडकीकडे बोट दाखवलं आणि काही न विचारता खाट तिकडे वळवून दिली.

अण्णांनी आधी सुधींद्रचं जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. मग दर्भाची काडी त्याच्या बोटांत अडकवली. ती पडली, तेव्हा स्वतःच्या बोटांनी त्याची बोटं दाबून धरली. त्याच्या तळहातावर तीळ ठेवले. आपला हात त्याच्या हाताखाली घेतला आणि मला म्हणाले, "रूपा, पाणी घाल."

मी पळीनं पाणी घातलं. अण्णा एक एक शब्द सांगत गेले आणि सुधींद्र म्हणत गेला. आईचं नाव आलं तिथं त्याचा आवाज फुटला. अण्णा थांबले, त्याला दम घेऊ दिला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग त्यांनी त्याचा हात अंगठ्याच्या बाजूला कलता केला. तीळ आणि पाणी ताम्हनात पडलं. असं तीनदा केलं. तीनही वेळा अण्णांनी त्याचा हात सोडला नाही.

"अण्णा, पडलं का?" सुधींद्रनं विचारलं. "मला कळत नाही."

"पडलं, बाळा. तुझ्याच हातावरनं पडलं. मी धरला होता हात."

सुधींद्र रडत होता, आणि ते डोळे त्याला स्वतःला पुसता येत नाहीत, म्हणून अण्णांनी धोतराच्या सोग्यानं पुसले.

"तुझ्यापुरतं तिचं वर्ष आज झालं," ते म्हणाले. "माझं मी ज्येष्ठापर्यंत पाळतो. माझ्या खोलीत नवं काही येणार नाही. तुझ्या खोलीत येईल."

सुधींद्रनं ताम्हनातल्या पाण्याकडे बघितलं.

"सरी," तो म्हणाला. "अक्का, विनोदकुमारला सांग. जुना उतरवायला येऊ दे."