मधले अकरा दिवस

दाढीचा ब्रश कोरडाच होता. केस ताठ, टोकाला साबणाची पांढरी खपली... मथुराने ती अंगठ्याने खरवडली आणि ब्रश पुन्हा कोनाड्यात ठेवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने, तेजरामने, शेवटची दाढी केली होती, तीही अर्धीच, आणि आता माघ लागला होता. पाच महिने हा माणूस आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. रडत नाही, भांडत नाही. जेवा म्हटलं की जेवतो, पुरे म्हटलं की थांबतो. भांडला असता तर बरं झालं असतं.

किती दिवस चालेल हे, असं तिनं दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं होतं. बाई, या आजाराला दोन तोंडं आहेत, ते म्हणाले; एकदा चढतं, एकदा पडतं. हे पडलेपण कुणाचं काही आठवडे राहतं, कुणाचं सहा महिने, कुणाचं वर्षभरही... पण उतरतं. उतरतं म्हणे! कधी, ते मेलं कोण सांगणार?

सकाळीच पंजाबराव येऊन गेला. तेजरामच्याच गावचा, रशियनांच्या मदतीनं उभ्या राहणाऱ्या पोलादाच्या कारखान्यात त्याच्याच क्रेनखाली काम करणारा.

"वैनी, फोरमॅन रोज पुसून राहिला. सुट्टी सरली त्याची. आता दुसरा मानूस बसवतीन क्रेनवर."

"मले काय ठाव, भाऊजी? माह्या हातात हाये काय ते?"

"संध्याकाळी येतो. थोडा बी उठला असन तं उद्याच डॉक्टरचं फिटनेसचं सर्टिफिकेट घेऊन टाकू."

उठला असेल तर... मागच्या खेपेलाही तो उठलाच होता, चार महिन्यांनी, आणि मी, वेडी बाई, क्वार्टरांच्या सगळ्या ओळीत गूळ-फुटाणे वाटले. आपली पाळी संपवून तो पुढच्या पाळीलाही थांबायचा, रशियन साहेबानं पाठ थोपटली, भरभर बोलायचा, क्रेनच्या केबिनमधून गाणी म्हणायचा आणि खालून टाळ्या पडायच्या. कारखाना उभा राहत होता, जो तो अंगात आल्यासारखा राबत होता. त्यात ह्याच्या अंगातलं वेगळं आहे हे कुणाला कळणार? मला तरी कुठे कळलं? तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, तरी हसतोय, तरी ताजा... मी दृष्ट काढली हो त्याची! मग एक दिवस तापलेल्या लोखंडाचा ठोकळा वर लोंबकळत असताना तो केबिनच्या दाराबाहेर एक पाय टाकून उभा राहिला. मला उडता येतं, म्हणाला. खाली बारा माणसं होती. कुणाला खरचटलंही नाही, म्हणून सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. महिन्याभरात तो पुन्हा भिंतीकडे वळला.

वांगी चिरता चिरता तिचा हात थांबला. मागचं पडणं आणि ते चढणं यांच्या मधे तो होता की—तिचा तेजराम, सावकाश, कमी बोलणारा, भातावर कच्चं तेल घेणारा, मीठ जास्त पडलं तरी गुपचूप जेवणारा. किती दिवस होता? तिनं बोटांवर मोजलं. अकरा. आजाराचे महिने ती पहिल्यापासून मोजत आली होती, आणि नवऱ्याचे दिवस मोजायचं तिला सुचलंच नव्हतं. अगं बाई गं...

दुपारी, पोरं शाळेत असताना, ताटावरून तो म्हणाला, "वांगं चांगलं झालं."

पाच महिन्यांत त्यानं चवीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"आनखी देऊ?"

"दे ना." आणि हसला, थोडंसंच. हे हसू कुणाचं? तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं; त्यानं लाजल्यासारखी नजर खाली घातली. तिनं आनंदानं पळीभर वांगं वाढलं आणि पळी तशीच हातात धरून बसली. आज त्या अकरांतला पहिला दिवस होता, की तेवढेही या खेपेला मिळणार नव्हते?

संध्याकाळी पंजाबराव दारात उभा राहिला तेव्हा तेजराम मोरीवर तोंड धूत होता. आपण होऊन.

"उठला काय, वैनी?"

"नाही," मथुरा म्हणाली, दार अर्धं ओढून घेत. "निजूनच हायेत. आनखी पंधरा दिवस तरी..."

"नोकरी जाईन त्याची."

"जाऊ द्या."

दार लावून ती दारालाच पाठ टेकून उभी राहिली. काय बोलून बसले मी? नोकरी गेली तर हे क्वार्टर गेलं, पोरांची शाळा गेली... देवा, अकरा दिवसांसाठी त्याचं बरं होणं मी लपवलं! मोरीतलं पाणी थांबलं. आता तो हाक मारील, तिला वाटलं. भरभर मारतो की सावकाश, तेवढंच ऐकायला ती कान देऊन थांबली.